दक्षिणेचं दार

माझ्या नवऱ्याला स्पेनमध्ये घर घ्यायचं होतं. माणूस सांगलीचा, नोकरी बहारीनमध्ये, आणि डोहाळे स्पेनचे. त्याच्या ऑफिसात एक स्पॅनिश इंजिनियर होता, त्याचं गाव समुद्रकाठी होतं. त्या गावाचे फोटो बघून बघून यानं आमची एका वर्षीची सुट्टी तिकडं वळवली. गाव छानच होतं. पांढरी घरं, लाल कौलं, आणि गॅलरीत खुर्च्या टाकून समुद्राकडं बघत बसलेली म्हातारी जोडपी. हौस म्हणून आम्ही एका एजंटबाईबरोबर दोन-तीन घरंही बघितली. ती बाई मला स्वयंपाकघर दाखवायची आणि हा थेट गॅलरीत जाऊन उभा राहायचा.

"रिटायर झालो की आपण असं बसू," तो म्हणाला.

"आणि तुझ्या आईला कोण सांगणार?"

तिथंच स्पेन संपला. भाषा येत नाही, व्हिसाची कटकट, ही सगळी कारणं नंतर जमवली. खरं कारण सांगलीला धाकट्या दिरांकडं राहत होतं आणि रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर यायचं.

तेव्हा आम्ही बहारीनच्या जुन्या नईम वस्तीत भाड्यानं राहत होतो, खाली शिंप्याचं दुकान, वर आम्ही. गल्फमधल्या आमच्यासारख्यांची एक गंमत असते. पडदे घेतानासुद्धा 'परत जाताना याचं काय करायचं' हा विचार आधी. अख्खा जन्म पाहुण्यासारखा काढायचा. चहूबाजूंनी पाणी असलेल्या देशात राहून आमच्या खिडकीतून दिसायची ती समोरच्या बिल्डिंगची एसीची डबडी. समुद्र दिसायचा तो गाडीतून, पुलावर, तोही सिग्नल लागला तर.

मग एका नव्या वसाहतीची जाहिरात आली. समुद्रात भराव टाकून केलेली जमीन, परदेशी माणसालाही घर विकत घेता येईल, आणि वर लिहिलेलं, 'स्पेनच्या किनाऱ्यावरच्या गावासारखी'. पांढऱ्या भिंती होत्या, लाल कौलंही होती, फक्त कौलांखाली सिमेंटचा स्लॅब होता. मी खूप हसले. तो हसला नाही. आम्हाला मूलबाळ नव्हतं, कुणासाठी काही राखून ठेवायचं नव्हतं. "परत जायचं म्हणतो आपण, पण कुणाकडं?" असं तो म्हणाला तेव्हा माझंही हसू थांबलं.

मजल्यावर समोरासमोर दोन घरं रिकामी होती. समुद्र उत्तरेला. त्यामुळं ज्या घरातून समुद्र दिसत होता, त्याचं दार बरोब्बर दक्षिणेला उघडत होतं. समोरच्या घराचं दार उत्तरेला, आणि त्याच्या सगळ्या खिडक्यांतून पार्किंग. समुद्राच्या घरात शिरल्या शिरल्या हा गॅलरीत गेला आणि तिथूनच आईला कॉल लावला. तो समुद्र दाखवत होता आणि सासूबाई विचारत होत्या, "दार कुठल्या दिशेला?"

खोटं बोलायला हवं होतं त्यानं. इंजिनियर माणूस, फोनमधलं होकायंत्र उघडून खरं सांगितलं.

सासूबाई एरवी कशालाही अडून बसणाऱ्या नव्हत्या. पण माझे सासरे ऐन चाळिशीत गेले, ते दक्षिणमुखी भाड्याच्या घरात. "त्या दारानं माझं कुंकू नेलं," त्या म्हणाल्या. "आता पोरगा नाही द्यायची मी. यमाची दिशा आहे ती, बाळा. दुसरं बघ."

मी भांडले, आणि कडाकडा भांडले. म्हटलं, या देशातली निम्मी घरं दक्षिणेला उघडतात, मग यमाला इथं मुक्कामच ठोकावा लागेल. समुद्रासाठी घर घ्यायचं आणि समुद्राकडं पाठ करून बसायचं, हा उद्योग आपणच करू जाणे. तो शांतपणे म्हणाला, "अगं, ती रोज रात्री घाबरून झोपेल. मी रोज तिकडं बघत बसणार आणि ती तिकडं घाबरणार. जाऊ दे. समुद्र काय, लिफ्टनं खाली उतरलं की आहेच."

आम्ही पार्किंगचं घर घेतलं. वास्तुशांतीला सासूबाई कॉलवर होत्या, उत्तरेच्या दारावरचं तोरण बघून त्यांचे डोळे भरून आले. समोरचं घर एका वयस्कर बहारीनी बाईंनी घेतलं. हज करून आलेल्या, म्हणून सगळे त्यांना हज्जिया म्हणायचे. मुंबईशी व्यापार चालायचा त्या जुन्या पिढीतल्या, त्यामुळं हिंदी मोडकंतोडकं यायचं. त्यांचं दार उघडं दिसलं की माझा नवरा चपला घालता घालता रेंगाळायचा. आतल्या गॅलरीपर्यंत नजर जायची. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा. लिफ्टनं खाली उतरून समुद्र बघायला तो फार वेळा गेला नाही. ऑफिस, ट्रॅफिक, उन्हाळा. समुद्र बघायला म्हणून वेगळं निघावं लागलं की राहूनच जातं.

त्या घरात येऊन वर्ष होतंय तोच त्याच्या पोटात दुखायला लागलं. साधं पित्त म्हणून काढलेले दिवस, मग तपासण्या, मग डॉक्टरांचा तो हळू झालेला आवाज. कॅन्सर पसरला होता. मुंबईला नेऊन आणलं, तिथंही तेच सांगितलं. "इथं बहारीनलाच राहू," तो म्हणाला. "आपलं घर आहे इथं."

हज्जियांना कळलं तेव्हा त्या थेट आत आल्या. त्याच्याकडं बघितलं, खिडकीबाहेरच्या गाड्यांकडं बघितलं आणि मला म्हणाल्या, "ये क्या देखता है बाबा? मेरे पास लाओ. समंदर का किराया मफी." मफी म्हणजे नाही. यल्ला, यल्ला म्हणत त्यांनीच व्हीलचेअर ढकलली.

त्या दुपारपासून तो तिथं बसायला लागला. इथला समुद्र उथळ, ओहोटीला पार आत जातो, मागं चिखल आणि त्यात चोची मारणारे पक्षी. त्याला तेही आवडायचं. एका संध्याकाळी तिथंच सासूबाईंचा कॉल आला. त्याच्या मागं सगळं निळं पाणी. त्यांनी विचारलं, "अरे, तुमच्या गॅलरीतनं समुद्र दिसतो होय?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "हो आई. आमचीच गॅलरी."

"बघ! मी म्हणत नव्हते? दार बरोबर घेतलं की सगळं बरोबर येतं. बरा होशील तू तिथं."

"होईन की."

मी उठून आत गेले. हज्जियांच्या स्वयंपाकघरात, परक्या ओट्याला धरून उभी राहिले. असा संताप मला आयुष्यात आला नव्हता, आणि तो काढायचा कुणावर तेच कळत नव्हतं.

पुढं त्याला खुर्चीत बसवणं अशक्य झालं. पाठीत कळ यायची, ओरडायचा. मग आमच्याच खोलीत, पार्किंगच्या खिडकीशी तो पडून राहिला. थोडा उजेड दिसावा म्हणून मी पलंग फिरवला, तेव्हा पाय दक्षिणेला आले. येऊ देत म्हटलं. आणखी काय व्हायचं राहिलं होतं?

"समुद्राचं काय चाललंय?" तो विचारायचा. मी पदर खोचून समोर जायची, बघून यायची आणि सांगायची. भरती आहे. एक मचवा चाललाय. धुरळ्यामुळं काही दिसत नाही. एकदा न जाताच दारातून म्हटलं, भरती आहे, तर डोळे न उघडता म्हणाला, "आत्ता ओहोटी असते. चिटिंग करू नकोस." मग मात्र मी दर वेळी जाऊन बघून यायला लागले.

शेवटच्या सकाळीही त्यानं विचारलं. मी गेले. पाणी इतकं स्थिर होतं की मी जरा जास्तच उभी राहिले. त्याला नीट सांगता यावं म्हणून बघत राहिले. परत आले तेव्हा तो गेलेला होता. समुद्र कसा होता ते मी तरीही त्याला सांगितलं.

काही महिन्यांनी धाकटे दीर सासूबाईंना घेऊन आले आणि माझ्याजवळ ठेवून दुसऱ्या दिवशी परत गेले. ते जाताच सासूबाई हॉलमध्ये आल्या, खिडकीशी गेल्या, पडदा सारला. मग दुसऱ्या खिडकीशी गेल्या. मग आतल्या खोलीच्या.

"समुद्र कुठाय गं?"

या प्रश्नाचं उत्तर मी कितीतरी दिवस तयार ठेवलं होतं. गाडीत एकटी असताना मोठ्यानं म्हणूनही बघितलं होतं. तुमच्यामुळं नाही दिसला त्याला समुद्र. तुम्ही यमाला घाबरलात, आणि माझा नवरा गाड्यांकडं बघत मेला. तोंड उघडलं, पण त्यांचा हात खिडकीच्या कडीवर होता आणि नजर अजून खालच्या गाड्यांपलीकडं समुद्र शोधत होती. मी तो हात धरला आणि त्यांना समोरच्या दारात नेलं.

हज्जियांनी बाजूला होऊन वाट करून दिली. सासूबाई उंबऱ्यापाशी थांबल्या. दिशा त्यांना कुठंही नेलं तरी कळतात. एकदा मागं वळून बघितलं, एकदा आत. "हे दक्षिणेचं आहे," त्या म्हणाल्या. मग चपला काढून आत आल्या आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसल्या.

"इथनं करायचा होय फोन?"

"हो."

"आमचीच गॅलरी म्हणायचा."

"हो, आई."

त्या बराच वेळ पाण्याकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "शेवटी तरी पोटभर बघितला का गं त्यानं?"

"बघितला," मी म्हटलं. "शेवटपर्यंत इथंच बसून होता. बघता बघताच गेला."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या क्षणीही मला त्यांचा फार राग येत होता, आणि त्याच्यासाठी माझ्याइतकं रडणारं त्यांच्याशिवाय जगात दुसरं कुणीच नव्हतं.