चाचांचा जॅझ

बीड जिल्ह्यात जॅझ ऐकणारा माणूस एकच आहे आणि तो आमचा घरमालक आहे, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. मोंढ्याच्या बाजारात त्यांची फळांची आडत. लग्न होऊन मी या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा त्यांनी भाड्याबद्दल जेवढं सांगितलं त्याच्या तिप्पट मिक्सरबद्दल सांगितलं. सकाळी खालून बाजा ऐकू येत असेल तोवर मिक्सर लावायचा नाही, पाण्याची मोटर चालू करायची नाही आणि जिन्यावरून चपला वाजवत उतरायचं नाही. मला वाटलं, देवधर्माचं काही असेल. म्हणून मी पहिले कित्येक दिवस चटणी पाट्यावर वाटली.

तो बाजा म्हणजे खालच्या बैठकीतलं एक जुनं यंत्र. कपाटाएवढ्या दोन स्पीकरच्या पेट्या, रेकॉर्ड फिरवणारी तबकडी आणि मधे काचेच्या नळ्यांचा अँप्लिफायर. त्या नळ्या आधी तापवाव्या लागतात. चाचा त्यांच्यासमोर स्टूल टाकून, उतू जाणाऱ्या दुधाजवळ बसावं तसे बसत. पाहुणा आला तर त्यालाही बसवत आणि म्हणत, "थांबा जरा. अजून लाल झाल्या न्हाईत." संध्याकाळी गावातल्या मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज पडायचं आणि चाचांच्या मते सुरांना धाप लागायची, म्हणून ऐकण्याची वेळ पहाटेच्या नमाजानंतरची. तेव्हा वीज ताजी असते, असं ते भाजीविषयी बोलावं तसं सांगत.

जॅझ त्यांच्याकडे चुकून आला. तरुणपणी ते मोसंबीच्या गाड्या घेऊन हैदराबादला जात. तिथल्या जुन्या बाजारात त्यांनी कव्वालीच्या रेकॉर्डांचं एक खोकं घेतलं. घरी येऊन उघडलं, तर वर दोन कव्वालीच्या आणि खाली सगळ्या ह्याच. पहिली लावली तेव्हा त्यांना वाटलं, सुई तुटली. दुसरी लावली तेव्हा वाटलं, पेटी बिघडली. तिसरीला मात्र ते जेवण विसरून बसले, आणि चाचींच्या म्हणण्याप्रमाणे तिथून त्यांच्या संसारात चार-पाच परके पुरुष कायमचे राहायला आले.

या परक्या पुरुषांची नावं चाचांना ठाऊक नव्हती. कव्हरवरचं इंग्रजी मी वाचून दाखवते म्हटलं, तर त्यांनी हात जोडले. "नको बेटी. नाव कळलं की मानूस नावच ऐकतो." त्यांनी आपली नावं ठेवली होती. घोगरा सॅक्सोफोन वाजवणारा तो दमेकरी. भल्यामोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य बोटांनी वाजवणारा, ज्याचा आवाज जमिनीतून आल्यासारखा वाटे, तो विहीरवाला. ढोलाशेजारच्या झांजेवर ब्रश फिरवणारा तो झाडूवाला, आणि हा त्यांचा सर्वांत लाडका. रेकॉर्डही ते फळांसारख्या पारखत, बोटाने हलकेच टिचकी मारत, वास घेत. एखादी आवडली नाही तर म्हणत, "पिकायची हाय अजून," आणि वर्षभर बाजूला ठेवून देत. खरं सांगते, वर्षाने त्यातल्या काही खरोखर गोड लागत.

नांदूरघाटचा एक बागायतदार सीताफळं घेऊन आला की त्यांच्या तावडीत सापडे. बिचारा चहाच्या आशेने बसे. एकदा त्याने पूर्ण रेकॉर्ड डोळे मिटून ऐकली आणि शेवटी हळूच विचारलं, "भाऊ, हे सगळे एकाच लग्नाला आलते ना?" चाचा रागावले नाहीत. पुढचे आठ दिवस ते प्रत्येकाला हा प्रश्न सांगत हसत होते.

चाची मात्र हसत नसत. माझ्याबरोबर गहू निवडताना त्यांची तक्रार ठरलेली. दुसऱ्यांचे नवरे जुगार खेळतात, दारू पितात, ते निदान घराबाहेर तरी. आमचे हे सकाळी सकाळी घरात बसून अंगावर वाद्यं ओतून घेतात. या बाजापायी मला रेडिओवरच्या गाण्यांची एक सकाळ मिळाली नाही, असं त्या म्हणत, आणि रेकॉर्ड सुरू झाली की स्वयंपाकघराचं दार लोटून घेत. पूर्ण कधी लावत नसत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

दोनेक वर्षांपूर्वी चाचांनी यंत्राची तक्रार सुरू केली. आवाज येतो, पण त्यात जान नाही. त्यांनी सुई बदलली, वायरी बदलल्या, व्होल्टेजवर ठपका ठेवला, मग आमच्या नव्या फ्रिजवर. आम्ही दोन सकाळी फ्रिज बंद ठेवला. दूध नासलं, जान काही आली नाही. आवाज रोज थोडा थोडा वाढत गेला, इतका की माझ्या मांडणीतली भांडी थरथरायला लागली.

एके सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. रेकॉर्ड लावली आणि विचारलं, "बेटी, झाडूवाला ऐकू येतो का?"

झाडूवाला स्वच्छ ऐकू येत होता. अंगणात कुणी हलक्या हाताने पाला लोटत असावं, तसा. मी हो म्हणाले. चाचांनी मान हलवली, यंत्र बंद केलं आणि रेकॉर्ड पुसून कव्हरात घातली. यंत्राला दोष द्यायचं त्यांनी त्या दिवसापासून सोडून दिलं.

डॉक्टरांनी कानात घालायचं मशीन दिलं. त्यात आडतीवरची माणसं ऐकू यायला लागली, भाव ऐकू यायला लागले, पण दमेकरी त्यात डबीत कोंडलेल्या माशीसारखा वाजे. चाचांनी पेट्यांवर चादरी टाकल्या. खालचा मजला गप्प झाला. मी सकाळी खुशाल मिक्सर लावू शकत होते आणि लावावासा वाटत नव्हता.

मग पुण्याहून एक जुन्या यंत्रांचा शौकीन आला. चाचांनीच कुणाकरवी निरोप धाडला होता. घरात मढं ठेवण्यापेक्षा वाजवणाऱ्याच्या घरी जाऊ दे, असं ते म्हणाले. पाहुण्याने चादरी काढल्या, नळ्या तापवल्या आणि तपासण्यासाठी एक रेकॉर्ड लावली. मी चहा घेऊन गेले होते. चाचा खुर्चीत भिंतीकडे बघत बसले होते. चाची दारात येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ ऐकलं, मग चाचांजवळ जाऊन वाकल्या आणि त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाल्या, "विहीरवाला आला." जरा थांबून, "आता दमेकरी. आज लई दम लागलाय त्याला." मग हाताने हवेत अलगद झाडल्यासारखं करून, "हा तुमचा झाडू."

चाचा त्यांच्याकडे बघतच राहिले. "तुला कसं ठाऊक?"

"एवढी वर्सं मी काय बहिरी होते व्हय?" चाची म्हणाल्या.

पाहुणा समजूतदार निघाला. चहा संपवून त्याने चादरींच्या घड्या घातल्या, स्टुलावर ठेवल्या आणि यंत्राबद्दल एक शब्द न काढता पुण्याला गेला.

आता पहाटे खाली पुन्हा रेकॉर्ड लागते. चाचा कानातलं मशीन काढून ठेवतात आणि तळहात पेटीच्या लाकडावर टेकवून डोळे मिटून बसतात. शेजारी बसून चाची त्यांच्या कानाशी मोठ्याने सांगत असतात. वरून मला वाद्यांपेक्षा त्यांचाच आवाज जास्त ऐकू येतो. कधी कधी त्या वाजवणाऱ्यांना रागावतातही.

परवा दूध घ्यायला उतरत होते, तेवढ्यात वीज गेली. रेकॉर्ड जड होत होत थांबली. मी जिन्यात उभी राहिले; बैठकीचं दार उघडंच होतं. चाची यंत्राकडे बघून तशाच पुढे सांगत राहिल्या. आता हा आला, आता तो गेला, आता दोघं मिळून, आता हळू, आणखी हळू. पेटीवर हात ठेवलेल्या माणसाला पेटी थांबलेली कळली नसेल, असं मला वाटत नाही. पण चाचांनी हात काढला नाही की डोळे उघडले नाहीत. चाचींचं सांगून होईपर्यंत ते मान डोलवत राहिले.