कुंडीतला लव्हाळा

मंडळी, आज दुपारी मी चक्क एका तणासाठी रडले.

आई गेली त्या वर्षी गावच्या ओढ्याकाठची माती मी बेळगावला आणून कुंडीत भरली. लावायचा होता मोगरा, पण उगवला लव्हाळा. ओढ्याच्या ओलीला हाच माजलेला असतो आणि तिथून शेतात शिरतो. आईनं जन्मभर लोकांच्या शेतात भांगलण केली. लव्हाळा उपटून उपटून तिच्या बोटांना त्याच्या गाठींचा सुवास असायचा. म्हणून मी मोगरा लावलाच नाही. लव्हाळ्यालाच रोज पाणी घालत राहिले.

आज निपाणीकडनं गंगाआक्का दवाखान्यासाठी आलती. आईच्या जोडीनं भांगलणारी. मी चहा घेऊन बाल्कनीत गेले, तर कुंडी साफ!

“लई माजलता गं. काढून टाकला बघ,” आक्का खुशीत म्हणाली.

माझे डोळेच भरून आले. तिला कारण सांगितलं. मग मातीत बोट खुपसून तिनं एक काळी गाठ काढली, नखानं खरवडली आणि माझ्या नाकाशी धरली.

तोच वास. आईचा हात.

“रडू नगं. आमी दोघींनी जलमभर उपटला, संपला व्हय? खाली लई गाठी हाईत.”

तुमच्या आईच्या हाताला कसला वास यायचा? लिहा खाली.

मी आत्ताच रिकाम्या कुंडीला पाणी घातलं. आई जन्मभर जे उपटत राहिली, ते उगवायची वाट बघत बसले आहे.