कॅमेऱ्यामागची खुर्ची

ह्यांना कॅमेऱ्यासमोर बोलता येत नव्हतं. वसमतच्या कॉलेजात उभं आयुष्य भूगोल शिकवलेला माणूस. मुलांकडे तोंड ठेवून, हात मागे नेऊन फळ्यावर गोदावरीचं खोरं काढायचे, असं त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. आणि घरात स्टँडवर मोबाइल लावला की ह्यांची वाक्यं अर्ध्यात तुटायची.

विद्यापीठाने त्यांना ऑनलाइन कोर्स तयार करायला सांगितलं होतं. कुठल्याही गावातून कुणीही नाव नोंदवावं, फुकट शिकावं, आणि परीक्षा दिली तर त्याचे क्रेडिट आपल्या कॉलेजच्या पदवीत धरले जावेत, असा तो प्रकार. असे कोर्स इंग्रजीत ढीगभर होते, हिंदीतही होते. ह्यांनी मराठीतून मागून घेतला. विषय ठेवला, आपल्या भागातले खडक, माती आणि पाणी.

"आपल्या पोराहिला परदेशातल्या वाळवंटांची नावं पाठ असतेत," ते म्हणायचे, "पण पायाखालचा दगड कोणता, ते म्हाईत न्हाई."

आधी ते विद्यापीठाच्या स्टुडिओत जाऊन आले. काचेची खोली, तोंडावर दिवे, समोर अनोळखी माणसं. संध्याकाळी परत आले ते चेहरा पाडूनच. चहा घेताना म्हणाले, "मला न्हाई जमणार. भिंतीला काय शिकवू?" मग घरीच रेकॉर्डिंग करायची परवानगी त्यांनी मिळवली. पुढच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून मी खिडक्यांवर वाकळा टांगल्या. मोंढ्याच्या बाजाराकडे हळदीचे ट्रक जायचे, त्यांचे हॉर्न मधेच यायचे. शेजारची बोअरची मोटर सुरू झाली की थांबावं लागे. मोबाइलवर लाल ठिपका आणायचं काम माझं.

पहिल्या दिवशी तीन वाक्यं बोलून ते गप्प झाले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडखळले. शेवटी मला म्हणाले, "तू अशी बाजूला उभी राहू नको. खुर्ची घे अन् मोबाइलच्या मागं बस. मी तुला सांगतो."

मी बसले. त्या दिवशी कातळ म्हणजे काय ते त्यांनी मला सांगितलं. लाव्हा कसा थरावर थर निवत गेला, दोन थरांच्या मधे तांबडी माती कशी दबून राहिली, विहीर खणताना ती कुठे लागते. बोलता बोलता त्यांचे हात सुटे झाले. लग्नानंतर मी बी. ए. अर्धवट सोडलं होतं. त्याला किती वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत भाजी, दवाखाना, मुलीचं शिक्षण, दोन्हीकडची लग्नं, सगळं आम्ही बोललो. पण ह्यांनी मला कधी काही शिकवलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

मला कळलं नाही की माझ्या तोंडावर दिसायचं. मग ते थांबून तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगायचे. त्या कोर्समध्ये बऱ्याच गोष्टी दोनदा सांगितलेल्या आहेत. त्या माझ्यासाठी आहेत.

एका दुपारी भूकंपाचा धडा चालू होता. आमच्याकडे जमिनीतून आवाज येतो, हे वसमत, औंढा, कळमनुरीकडच्या माणसाला नवीन नाही. रिकामी बैलगाडी पुलावरून गेल्यासारखा घरघराट येतो, भांडी वाजतात, माणसं अंगणात येतात, थोड्या वेळाने आत जातात. त्या दुपारी ह्यांचा हात हवेत होता आणि तो आवाज आला. स्वयंपाकघरातले डबे थरथरले. मी उठायला लागले तर हे म्हणाले, "घाबरू नको. बस तिथंच. आता हे जे झालं ना, हेच मी सांगून राहिलो होतो." आणि हातातला कागद बाजूला ठेवून ते बोलत राहिले. पाणी कसं कातळाच्या भेगांतून खाली उतरतं, दबलेला दगड कसा जागा बदलतो, कुठलं आपल्याला नक्की माहीत आहे आणि कुठलं अजून कुणालाच माहीत नाही. विद्यार्थी ज्यांच्याबद्दल बोलायचे ते सर मी त्या दिवशी पाहिले.

तपासणाऱ्या समितीने तो भाग परत पाठवला. घरगुती बोलणं काढावं, भाषा प्रमाण असावी, धडा लिखित मजकुरानुसार असावा, असा निरोप होता. ह्यांनी वाद घातला नाही. कागद समोर ठेवून धडा पुन्हा केला. मोबाइलमध्ये जागा उरली नव्हती म्हणून आधीचा मी पुसून टाकला. तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही. माणूस तर घरातच होता.

कोर्स सुरू झाला आणि ह्यांना नवं वेड लागलं. विद्यार्थी प्रश्न विचारतात ती चर्चेची जागा ते सकाळी बुद्धवंदना झाली की उघडायचे. कुणी चंद्रपूरकडचा बस कंडक्टर, कुणी सोलापूरकडची बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी, कुणी रिटायर झालेले ग्रामसेवक. मला वाचून दाखवायचे. "बघ, हा माणूस ड्युटीवरून आल्यावर धडे बघतो म्हणे." उत्तरं द्यायला त्यांच्या मदतीला त्यांचीच एक जुनी विद्यार्थिनी होती. पुसेगावकडची मुलगी. ह्यांच्या हाताखाली शिकली, पीएच. डी. केली, नेट झाली, आणि आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या नेमणुकीवर, शिकवत होती. दर वर्षी जूनमध्ये नव्याने मुलाखत द्यायची आणि दर वर्षी आमच्याकडे पेढे घेऊन यायची.

एकदा आम्ही दोघं बसस्टँडवर उभे होतो. बाकावर ह्यांच्याच वर्गातली दोन मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. चिमणीसारखा किलबिल आवाज येत होता. जवळ गेल्यावर कळलं, तो ह्यांचा आवाज होता. दुप्पट वेगाने पळवलेला.

मुलं दचकून उभी राहिली. "सर, तुमचाच कोर्स. क्रेडिट पायजे ना."

"मग तासाला काहून येत न्हाई रे?"

"सर, हे कवा बी बघता येतं."

हे हसले. मुलांच्या पाठीवर थाप मारली. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाले, "वर्गात मी पोराहिचं तोंड बघून थांबतो. ह्यात थांबायचं कसं?" मी म्हटलं, कंडक्टरला तर कामाला आलं ना. "ते बराबर आहे," ते म्हणाले. "त्याला दुसरं काही न्हाई. ह्या पोराहिला तर मी आहे."

त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. नांदेडला नेलं. उपचार झाले, जेवायला लागले, मुलगी हैदराबादहून आली. घरी सोडणार होते त्याच सकाळी पुन्हा दुखलं आणि डॉक्टरांच्या हाती काही राहिलं नाही.

घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भन्तेंनी त्रिशरण दिलं. माणसं अजून उठली नव्हती तेवढ्यात ह्यांच्या मोबाइलवर कोर्सची सूचना आली. पुढच्या आठवड्याचा धडा उघडला होता. तारखा आधीच लावून ठेवलेल्या होत्या, त्यामुळे माणूस गेल्याने काही अडलं नाही. मुलीने घाईने मोबाइल बंद केला.

कॉलेजच्या शोकसभेत प्राचार्य मनापासून बोलले. सर गेलेले नाहीत, त्यांचा आवाज दर सत्रात आपल्या विद्यार्थ्यांना शिकवत राहील, असं म्हणाले. मला तेव्हा त्या शब्दांचा आधार वाटला. घरी येऊन मी ते मुलीला दोनदा सांगितले.

पुढच्या जूनमध्ये ह्यांची ती विद्यार्थिनी आली. हातात पेढे नव्हते. पाणी दिलं, ते तिने तसंच धरून ठेवलं.

"काकू, यंदा मला तास न्हाईत."

"काहून? ह्यांची जागा तर रिकामीच आहे."

"ती भरणार न्हाईत म्हणे. अन् माझे तास बी काढले." ती फरशीकडे बघत होती. "प्राचार्य म्हणले, सरांचा कोर्स हाय की. पोरं त्याच्यावरच क्रेडिट घेऊन राहिलेत. वर्गात बसतंय कोण? सरांपेक्षा तुमी चांगलं शिकवणार हाव का, असं विचारलं."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू, काकू? न्हाई म्हणले. खरंच हाय ते. सरांपेक्षा चांगलं मी कशी शिकवीन?" मग तिचा आवाज फुटला. "पण मी तिथं होते ना. पोरगं चुकलं तर मी सांगत होते. सरांचा कोर्स बंद करा असं माझ्या तोंडानं कसं म्हणू?"

मी तिला जवळ घेतलं. ती रडत होती आणि माझ्या डोक्यात शोकसभेतले तेच शब्द फिरत होते. ह्यांनी हयातभर जिला पुढे आणलं, तिच्याच पोटावर ह्यांच्या आवाजाने पाय दिला होता. ह्यांचा त्यात काय दोष? तरी त्या दिवशी मला ह्यांच्या आवाजाचा राग आला. पुष्कळ दिवस मी तो ऐकला नाही.

तिला वारंगा फाट्याजवळच्या एका निवासी शाळेत नोकरी मिळाली. दुसरीच्या मुलांना इंग्रजी, आणि आठवड्यातून काही दिवस वसतिगृहाची ड्युटी. भूगोल शिकवायला तिथे दुसरं कुणी होतं.

दिवाळीनंतर घर फार शांत झालं तेव्हा मी त्या कोर्सला स्वतःचं नाव नोंदवलं. परीक्षा द्यायची नव्हती. पहिला धडा लावला. हे बोलत होते आणि अधूनमधून मोबाइलच्या जरा वर बघत होते. बघणाऱ्याला वाटावं, माणूस नजर चुकवतोय. मी धडा थांबवून पदराने डोळे पुसले आणि पुन्हा लावला. वेग मात्र वाढवला नाही.

मग मी चर्चेची जागा उघडली. खालपर्यंत या सत्राचे प्रश्नच प्रश्न होते आणि एकाचंही उत्तर नव्हतं. हे गेल्याचं विद्यार्थ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. 'सर, कृपया मार्गदर्शन करावे.' 'सर, आपण उत्तर दिले नाही.' एका मुलाने तर लिहिलं होतं, 'सर रागावले का?'

रविवारी ती भेटायला आली तेव्हा मी तिला दाखवलं. तिचं लॉगिन कॉलेजने बंद केलं होतं. तिने सगळे प्रश्न शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाली, "काकू, तुमच्या नावानं लिहू का?"

त्यानंतरचे किती तरी रविवार आम्ही तेच केलं. ती सांगायची, मी टाइप करायची. हळूहळू सोपे प्रश्न मी एकटीच घेऊ लागले. हट्ट्याच्या एका मुलीने विचारलं होतं की काळी जमीन स्वतःची नांगरट स्वतः करते, असं सर धड्यात म्हणाले, म्हणजे काय? ह्यांनी मला ते दोनदा सांगितलं होतं. मी लिहिलं, या मातीचे बारीक कण पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात, मग भेगा पडतात, वरची माती त्या भेगांत घसरते, पावसात खालची फुगून वर येते, अशी ती दर वर्षी आपली आपण उलटत राहते. तुमच्या वावरातली भेग एकदा हात घालून बघा.

थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं. 'बघितली. आता समजलं. धन्यवाद सर.'

मी सर नाही, सर आता नाहीत, असं लिहायला घेतलं. अर्धं लिहिलं आणि खोडलं. ते तसंच राहू दिलं.

पुढच्या सत्रात कोर्स उघडला नाही. नवा, सुधारित अभ्यासक्रम आला आहे, असं पानावर लिहिलेलं होतं. तो दुसरीकडचा होता, हिंदीतला. ह्यांचे धडे कुठे गेले म्हणून मी विद्यापीठात फोन केला. फोन घेणारा मुलगा सभ्यपणे बोलला, पण त्याला ह्यांचं नावही ठाऊक नव्हतं. कॉलेजातली जागा मात्र रिकामीच आहे.

ती अजून येते, पण दर रविवारी तिला सुटी मिळत नाही. मागच्या वेळी आली तेव्हा सांगत होती, इंग्रजीच्या तासाला तिने दुसरीच्या मुलांना वाळूवर पाणी ओतून नदी करून दाखवली, त्यावरून मुख्याध्यापक बोलले. आम्ही दोघी हसलो. मग मी तिच्यासोबत बसस्टँडपर्यंत गेले. वारंग्याकडची गाडी लागलेलीच होती. तिला खिडकीची जागा मिळाली.