कंसाआधीचं वजा

अण्णा, म्हणजे माझे वडील, मराठी शाळेत चौथीच्या वर्गावर गुरुजी होते. गल्लीतल्या ज्या पोराचं गणित अडेल ते संध्याकाळी पाटी घेऊन आमच्या ओसरीवर यायचं. पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे अण्णांच्या जिभेवर असायचे आणि पट्टी हातात. त्यामुळे मी हायस्कुलात गेल्यावर मला शिकवणी लावावी हा विचार कुणाच्या मनाला शिवलासुद्धा नाही. गुरुजींची मुलगी गणितासाठी दुसऱ्याच्या दारात बसली असती, तर अण्णांना गल्लीतून मान वर करून चालता आलं नसतं.

आठवीत बीजगणित आलं आणि आमची दोघांची बोलती बंद झाली. दिवेलागणीला आई कंदिलाची काच पुसून ठेवायची आणि मी पुस्तक घेऊन अण्णांसमोर बसायची. अण्णा चष्मा कपाळावर सारून पुस्तक डोळ्यांजवळ न्यायचे, मग लांब धरायचे. पुस्तक कुठूनही धरलं तरी उदाहरण तेच राहायचं.

"दहा वजा, कंसात चार वजा सहा," ते मोठ्यानं वाचायचे. "आता चारातनं सहा जातील कसे? लहानातनं मोठं जात न्हाई. चौथीतलं पोरगंबी सांगंल की."

"पण सर म्हणतात, जातात."

"मग सर काय म्हणतात, कसे जातात?"

ते मला सांगता यायचं नाही. सरांनी फळ्यावर भराभरा लिहिलं होतं, कंसाआधी वजा असेल तर आतली चिन्हं बदलायची, आणि मी ते उतरवून घेतलं होतं. का बदलायची, हे विचारायची माझी छाती नव्हती. अण्णांनी पुष्कळ विचार करून आपला नियम काढला. बाहेरही वजा, आतही वजा, म्हणजे सगळंच वजा. दहातून चार गेले, सहा गेले, उत्तर शून्य. किती स्वच्छ उत्तर आलं, म्हणून ते खूश झाले. पुस्तकाच्या मागं उत्तर बारा दिलं होतं. अण्णा म्हणाले, छापणाऱ्याची चूक असेल.

सहामाहीला मी गणितात नापास झाले. दिवाळीला करमाळ्याहून थोरले काका आले. काकूचे गुडघे धरले होते, घरात हाताखाली कुणीतरी हवं होतं. फराळाचं ताट पुढ्यात घेऊन काका म्हणाले, "वार्षिकला बी नापास झाली तर मी हिला करमाळ्याला घेऊन जाणार. गुरुजीच्या पोरीला गणित येईना म्हणल्यावर शाळा कशाला?" अण्णा काकांपुढं कधी बोलत नसत. मी आत आईजवळ जाऊन बसले आणि मला फार भीती वाटली.

माझे गणिताचे सर अण्णांचेच विद्यार्थी होते. आमच्या शहराच्या पूर्व भागातल्या विणकराच्या घरातला मुलगा, घरात तेलुगू बोलणारा. चौथीत अण्णांची पट्टी खाल्लेला. एका रविवारी अण्णा मला म्हणाले, "चल, त्याच्या आईला बरं न्हाई म्हणं, बघून येऊ." सरांची आई चांगली ठणठणीत होती हे तिथं गेल्यावर कळलं. आम्हाला बघून आतल्या मागाची खडखड थांबली. सर लगबगीनं बाहेर आले, अण्णांच्या पाया पडले आणि भिंतीशी उभे राहिले. घरात आणखी एक खुर्ची होती, पण ते बसले नाहीत. वर्गात ज्यांना आम्ही चळचळा कापायचो ते सर दोन्ही हात पोटाशी धरून उभे आहेत, हे बघून मला हसू येत होतं.

चहा झाला. बशी खाली ठेवून अण्णा म्हणाले, "हिला गणित सांगतोय मी. वजाचं. बाहेर वजा, आत वजा, म्हणजे सगळंच वजा. असंच की न्हाई?"

गुरुजींनी विद्यार्थ्याला विचारायचं तरी कसं? म्हणून त्यांनी सांगितल्यासारखं विचारलं. सरांनी एकदा माझ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"होय, गुरुजी," ते म्हणाले.

येताना अण्णा ताठ चालत होते. मला त्यांनी वाटेत भजी घेऊन दिली. सरांनी वर्गात उलटं सांगितलं होतं हे मला ठाऊक होतं. पण आता सरच होय म्हणाले होते, मग मी कोण? चाचणीत जिथं जिथं कंस आला तिथं मी सगळंच वजा केलं. पेपर मिळाला तेव्हा त्यावर लाल शाई नुसती सांडली होती. चिन्हं बदल, चिन्हं बदल, असं सरांच्या वळणदार अक्षरात जागोजागी लिहिलेलं. खाली पालकांची सही हवी होती.

अण्णांनी पेपर कंदिलाजवळ धरून शेवटपर्यंत वाचला. मला वाटलं रागावतील. माझ्यावर, नाहीतर सरांवर. त्यांनी सही केली आणि म्हणाले, "चप्पल घाल."

मागाची खडखड परत थांबली. सर परत भिंतीशी उभे राहिले. अण्णांनी पेपर त्यांच्यापुढं धरला. "मी सांगितलेलं चुकीचं हुतं का?"

"नाही, गुरुजी," सर म्हणाले.

"मग हिचं कसं चुकलं?"

सरांनी हात जोडले. त्यांचे डोळे भरले होते. मी आठवीतली पोर, मला दोघांचीही कीव आली आणि दोघांचाही राग आला, आणि मला काहीच करता येईना.

अण्णांनी पेपराची घडी घातली आणि ते म्हणाले, "गुरुजी बोलले की होय म्हणायचं, हे मीच शिकवलं तुला. पट्टीनं शिकवलं. बस खाली." सर पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसले. "हिला रोज पाठवतो. मला येत न्हाई हे."

वार्षिकला मी पास झाले. करमाळ्याला काकूच्या मदतीला दुसरी कुणी मिळाली. त्यानंतरही संध्याकाळी गल्लीतली पोरं पाट्या घेऊन ओसरीवर यायची, अण्णा त्यांच्याकडून दिडकी म्हणून घ्यायचे. मी आतल्या खोलीत माझी उदाहरणं सोडवायची, भराभर, बरोबर. एखादं अडलंय असं मुद्दाम दाखवून मी पुस्तक त्यांच्यापुढं धरायची. ते हात मागं घ्यायचे आणि म्हणायचे, "सरांना विचार."