सरांची घोंगडी

शुद्धलेखनाच्या चुका आणि वाकडं अक्षर, दोन्हींसाठी माफी असावी. मी चौथीपर्यंतच शिकले. पण ही वही कुणाच्या हाती पडलीच, तर त्याला आमचे सर कळावेत म्हणून लिहिते.

सर म्हणजे आमच्या वस्तीतल्या चर्चमागे राहणारे निवृत्त मास्तर. कायम ओट्यावर घोंगडीवर बसलेले. कुणाच्या घरी अडचण आली की उठायचे, घोंगडी झटकायचे, रस्त्याच्या कडेला टाकायचे आणि म्हणायचे, "आधी पसरू, मग बघू." पहिली नोट स्वतःच्या पेन्शनीतली. तिच्यावर दगड.

मी त्यांच्याकडे भाकरी करायचे. मी थापत असले की ते जाड इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन सांगत बसायचे. पाचशे वर्षांपूर्वी युरोपात, मोराव्हिया नावाच्या मुलखात, काही लोक लढाईला नको म्हणाले म्हणून त्यांना गाव सोडावं लागलं. दोनेकशे माणसं, बरोबर लेकरं. वाटेत त्यांनी एक झगा जमिनीवर पसरला आणि ज्याच्याजवळ जे होतं ते त्यावर ठेवलं. पुढे टोप्या करणाऱ्या एका माणसाच्या नावावरून त्यांना हटराइट म्हणू लागले. मोठमोठी घरं बांधली. सगळ्यांची एक चूल, लेकरांची एक शाळा, कुणाचं वेगळं काही नाही.

"सासवा-सुना एकाच चुलीवर?" मी विचारलं.

"एकाच."

"आन् भांडत नव्हत्या?"

सरांनी दोन पानं उलटली. "भांडत असतील. लिहिणारे पुरुष होते."

"मग काय झालं त्यांचं?"

"हाकललं. दुसऱ्या मुलखात गेले, तिथूनही हाकललं. जातील तिथं परत पसरलं. आजही आहेत, मंगल."

माझ्या लेकीला नगरला नर्सिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा तिचे वडील जाऊन वर्ष झालं होतं. फीला पैसे नव्हते. मी कुणाला बोलले नाही. मला बोलायला जमतच नाही. पण दोन दिवस भाकरी करपल्या, आणि सरांनी ताटावरून मान वर केली. "मंगल, ही भाकरी काय सांगतीय?" मला रडू आलं.

संध्याकाळी घोंगडी पसरली. शेजारच्या आक्का कमरेवर हात ठेवून उभ्या. "सर, पैसे न्हाईत. सून टाकू का?"

"टाका. पण घोंगडीवरचं परत मिळत नाही, आक्का."

आक्का घरात गेल्या आणि डझनभर अंडी घेऊन आल्या. "सुनंच्या कोंबड्यांची हायेत," म्हणाल्या.

मी दारामागे उभी होते. सरांनी मोजून दिले ते अठरा हजार चारशे. कुणी किती टाकले ते त्यांनी लिहू दिलं नाही.

लेक शिकली, दवाखान्यात लागली. मी पैसे घेऊन आक्कांकडे गेले. "मी तुला कुठं दिलं? घोंगडीला दिलं," म्हणाल्या. समोर राहणाऱ्या टेम्पोवाल्या भाऊंनीही हात मागे घेतला. कुणी घेईना. वस्तीत मान वर करून चालायची मला चोरी झाली. मी मागच्या बोळानं जायला लागले. सरांना सांगितलं, तर म्हणाले, "मग घोंगडीला दे."

तेव्हापासून घोंगडी कुणासाठीही पसरली की मी थोडे टाकायचे आणि घरी येऊन वहीत अठरा हजार चारशेतून तेवढे वजा करायचे. कधी दोनशे, कधी हजार.

गेल्या नाताळाच्या आधी सर गेले. त्यांच्या पुतण्यानं पुस्तकं नेली, मला विचारलं, "तुम्हाला काय हवं?" मी घोंगडी मागितली.

नंतर टेम्पोवाल्या भाऊंचा पाय मोडला. ऑपरेशन सांगितलं. आठवडा गेला. जो तो जाता-येता सरांच्या रिकाम्या ओट्याकडे बघायचा. शेवटी मीच घोंगडी काढली, झटकली, रस्त्याच्या कडेला टाकली. लोक दारात आले. मी हळूच म्हणाले,

"आधी पसरू, मग बघू."

"मोठ्यानं बोल गं," आक्का म्हणाल्या. "सरांना ऐकू गेलं न्हाई."

मी पुन्हा म्हणाले. नऊशे रुपये ठेवले, वर दगड ठेवला. मग पिशवीतून जपून डझनभर अंडी काढली आणि शेजारी मांडली.

"आन् ही गं कशाला?"

"फिटले, आक्का," मी म्हणाले. "सगळे."