वाघोबापुढचा कॅमेरा

बिबट्यांची गणती म्हणजे जंगलात जाऊन एक-दोन-तीन करणं नव्हे. प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात. कॅमेऱ्यात तेच ठिपके पुन्हा पुन्हा आले, तर जनावरं थोडी. दर वेळी नवे आले, तर न दिसलेली अजून बरीच. अट एकच, कॅमेऱ्यासमोर कुणाला खायला घालून बोलवायचं नाही.

मी संख्याशास्त्र शिकले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. मुलुंडच्या डोंगराकडेचे कॅमेरे माझ्याकडे होते. अहवाल नीट झाला तर पुढच्या वर्षीचं काम मलाच मिळणार होतं.

त्यातल्या एका कॅमेऱ्यात एकच मादी सारखी येत होती. गणतीचं काम बघणाऱ्या सरांनी त्याच कॅमेऱ्यातले, माणसांचे म्हणून बाजूला काढलेले फोटो उघडले. वाघोबाच्या शेंदरी दगडापुढे एक बाई वाकून माशांची मुंडकी ठेवत होती.

"ही कोण गं? ओळखतेस?"

"माझी आई. मासे विकते."

सर हसायला लागले, मग थांबले.

घरी आई मासळीची पाटी धूत होती. विचारलं, तर म्हणाली, "तुझ्या फोटोत वाघ येवक नको? नवस बोललंय मी. इलो मां?"

"एकच येते. सारखी."

"बघ! पावलो माझो वाघोबा."

"अगं, मुंडकी खायला येते ती. तीच तीच दिसली की गणितात बिबटे कमी निघतात."

"कमी असले तर बरा मां गे? पोरां खेळतत थंय."

जेवले आणि झोपले.

त्या कॅमेऱ्याचे फोटो मी हिशोबातून काढले, कारणही लिहिलं. सर म्हणाले, "लिहायलाच हवं का? कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

उरलेल्या फोटोंवरून धड अंदाज बांधता येईना. काम दुसऱ्या कुणाला तरी गेलं. मेल वाचला, फोन ठेवला, कपडे वाळत घातले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

आईला सांगितलं.

"काम गेला तां गेला," ती म्हणाली. "पण वाघ इलो मां? मगे नवस फेडूक व्हयो. चल."

मासे नकोत, एवढंच मी म्हटलं. नारळ घेतला आणि तिच्याबरोबर गेले.