हत्तीच्या पिलाची माय

ऐंशीच्या सुमारास वर्ध्याच्या आमच्या शाळेत बक्षीस मिळालेल्या चित्रपुस्तकांचं प्रदर्शन भरलं होतं. टेबलापाशी देखरेखीला मी शिक्षिका. हिंगणीहून बाजाराला आलेली एक बाई लहान मुलीला घेऊन आत आली. तिनं लुगड्याला हात पुसले आणि हत्तीच्या पिलाचं पुस्तक उघडलं. तिला वाचता येत नव्हतं. चित्रावर बोट ठेवून ती मुलीला सांगू लागली, "याची माय कापूस वेचाले गेली. हे वाट पाहून राह्यलं."

मला राहवलं नाही. "अहो, ते पिल्लू जंगलात हरवलंय. गोष्ट तशी आहे."

तिनं चित्र पुन्हा निरखलं. "हरवलं असतं तं चहूकडे पाह्यलं असतं, बाई. हे एकाच वाटेकडे पाहून राह्यलं. माही पोरगी रोज अशीच बसते."

ते पुस्तक मी वर्गात कितीदा वाचलं होतं. पिलाची नजर कुठं आहे, हे कधी पाहिलंच नव्हतं.

मुलीनं हळूच विचारलं, "मंग येते का त्याची माय?"

बाईनं शेवटचं पान उघडून तिच्यापुढे धरलं.

"आली!" मुलगी म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिनं आईचा पदर सोडला.